एका दमातलं वाक्य

नूरभाई,

तुमच्या शोकसभेत दोन मिनिटं स्तब्धता पाळली. सगळे उभे राहिले, माना खाली घातल्या, कुणीतरी पंखासुद्धा बंद केला. मी मनात आकडे मोजत होते. रेडिओवर तीन सेकंदांच्या वर शांतता गेली की ऐकणारा हात पुढे करतो आणि दुसरं स्टेशन लावतो, हे तुम्हीच मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. आणि तुमच्यासाठी या मंडळींनी एकशेवीस सेकंद गप्प राहून दाखवलं. चाळीसाव्या सेकंदाला मला ओरडावंसं वाटलं, अरे, कुणीतरी काहीतरी बोला, हा माणूस उठून निघून जाईल! मग आठवलं की तुम्ही आधीच निघून गेला आहात, आणि तेही मला न सांगता.

भाषणं झाली. एका वक्त्याने तुम्हाला ‘आवाजाचा बादशहा’ म्हटलं. दुसऱ्याने कधीही भरून न निघणारी पोकळी वगैरे काढली. तिसऱ्याच्या डोळ्यांसमोर तुमचा रंगमंचावरचा वावर उभा राहिला. तुम्ही जन्मात रंगमंचावर पाय ठेवला नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही शेजारी असता तर हळूच म्हणाला असता, “बाई, यायले आधी स्क्रिप्ट द्याले पायजे होती.” शेवटी मला उठवलं. मी माईकपर्यंत गेले, “मला काही बोलायचं नाही” एवढं म्हटलं आणि परत येऊन बसले. लोकांना वाटलं, बाईंचा कंठ दाटून आला. कंठ काही दाटला नव्हता. मला राग आला होता.

राग निवेल म्हणून थांबले. निवला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का, असं वाचणारे म्हणतील. म्हणू देत. सव्वीस वर्षं आपण भांडलो, आणि तुम्ही भांडण अर्धवट टाकून उठलात. माझी बाजू मांडायची राहिली आहे.

तेव्हा मी अंजनगाव सुर्जीला शाळेत शिकवत होते. रेडिओसाठी एक नाटक लिहिलं होतं, आणि ते करेल असा माणूस शोधत होते. कुणीतरी सांगितलं, अकोल्याला जुन्या शहरात गाद्यांचा कारखाना आहे, तिथे जा. मला वाटलं, चेष्टा करतोय. आले तर खरंच कारखाना. तुमचं घराणं नद्दाफांचं, कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारं. पुढे दुकान आणि मागे एक लांबट खोली, छतापर्यंत गाद्यांच्या थप्प्या लावलेली. त्या खोलीत शिरताच कान बंद झाल्यासारखं वाटलं. रस्त्यावरचा हॉर्न नाही, शेजारचं भांडण नाही, आवाजाचा घुमारा म्हणून नाही. “मुंबईवाले काचेची खोली बांधतात,” तुम्ही म्हणालात, “आमी कापसात बसतो.”

मग तुम्ही माझं नाटक वाचलंत आणि चौथ्या पानावर बोट ठेवलंत. “इथं काय लिवलं हाय?”

“तो मान हलवतो,” मी म्हटलं.

“कोन पायते?”

मी ती ओळ पुन्हा वाचली.

“रेडिओवर मान हलत नाई, बाई. रेडिओवर डोये भरत नाई, भिवया चढत नाई. मानूस बोलला त हाय, नाई त नाई.”

मला इतका राग आला की मी पानं उचलून निघाले. शमीमभाभींनी दारात अडवून चहा दिला म्हणून थांबले. परत जाताना एसटीत बसून तेच पान चार वेळा वाचलं आणि कळलं की हा रजया विकणारा माणूस मला लिहायला शिकवून गेला. ते ऋण मी कधी नाकारलं नाही, आजही नाकारत नाही.

पुढची पंचवीस वर्षं त्या खोलीत गेली. भाभींचं शिलाई मशीन म्हणजे नाटकातल्या आपल्या एसटी बसचा आवाज होता. त्या पायाने चालवायच्या, घाट लागला की पाय जड करायच्या. प्रकाश मोबाइल दुरुस्तीचं दुकान सांभाळून रेकॉर्डिंग करायचा. जोहरची, म्हणजे दुपारची अजान सुरू झाली की माईक बंद आणि चहा. अजान संपली की तुम्ही नमाज पढून यायचात आणि जिथे वाक्य सोडलं होतं तिथूनच, त्याच आवाजात, त्याच रागात पुढे सुरू करायचात. खोकल्याचे तर तुम्ही नंबर पाडले होते. एक नंबर सासऱ्याचा, घरात शिरण्याआधीचा. दोन नंबर खोटं पकडलं गेलेल्याचा. तीन नंबर आजाऱ्याचा, आतून येणारा. मी स्क्रिप्टमध्ये नुसता आकडा लिहायचे आणि तुम्ही तो खोकला काढायचात.

आणि ती रेघ. माझ्या प्रत्येक स्क्रिप्टवर तुम्ही पेन्सिलीने बारीक तिरप्या रेघा मारायचात. जिथे रेघ, तिथे दम घ्यायचा. माझी वाक्यं लांब असतात, हे मला शाळेपासून ऐकवलं गेलं आहे. तुम्ही एकटेच होता ज्यांना ती आवडायची. अख्ख्या परिच्छेदात तुमच्या दोन रेघा असायच्या, फार तर तीन. “बाईचं वाक्य म्हंजे पॅसेंजर गाडी,” तुम्ही सगळ्यांना सांगायचात, “लय डबे असते, पन एकई रुळावरून उतरत नाई.” मी वरवर चिडायचे. त्या एका वाक्यावर मी किती वर्षं लिहीत राहिले, हे तुम्हाला माहीत होतं.

म्हणूनच दादारावाचा जन्म झाला. दादाराव कंडक्टर, रिटायर झालेला, अजूनही रोज अंजनगावच्या स्टँडवर जाऊन बसणारा, दिसेल त्याच्याशी बोलणारा आणि एकदा सुरू झाला की न थांबणारा. तेरा भागांची मालिका, दर महिन्याला एक भाग, एका छोट्या सामुदायिक रेडिओवरून. हे काम मी निव्वळ तुमच्या गळ्यासाठी लिहिलं होतं. असा बोलका माणूस दुसऱ्या कुणाला पेलला नसता.

पहिला भाग झाला. दुसऱ्याची पानं तुम्ही फोटो काढून व्हॉट्सॲपवर परत पाठवलीत. वाक्यावाक्यात रेघा. दर चार शब्दांना एक, कुठे तीन शब्दांना. मी फोन केला, “भाई, हे काय हाय?”

“तोडा, बाई,” तुम्ही म्हणालात. “वाक्य तोडा. सैल झालं लिहिनं.”

सैल. हा शब्द तुमचाच. मी रेघांकडे पुन्हा पाहिलं आणि त्या जागी मला पूर्णविराम दिसले. तोडा म्हणाला होतात ना, मग तोडायच्या जागा दाखवल्या असतील. ज्या रेघांचा अर्थ मला पंचवीस वर्षं पाठ होता, त्या समोर असून मी चुकीच्या वाचल्या. एखाद्या नव्या माणसाने विचारलं असतं, या रेघा कसल्या? मला विचारायचं सुचलं नाही, कारण मला वाटत होतं की मला कळतंच आहे.

मी तोडली वाक्यं. दुसऱ्या भागात तोडली, तिसऱ्यात तोडली. तरी रेघा वाढतच गेल्या. आठव्या भागाला तुम्ही म्हणालात, “बाई, वय झालं वाटते तुमचं. पाल्हाळ लावून राहिल्या.” हसून म्हणालात. मी त्या रात्री जेवले नाही. अमरावतीच्या घरात जुन्या स्क्रिप्टांच्या फायली काढल्या आणि शेजारी ठेवून पाहिलं, माझं नेमकं काय बिघडलं आहे. मला सापडेना. सापडत नाही म्हणजे बिघाड दिसण्याइतकीही नजर राहिली नाही, असं मला वाटू लागलं. एका मासिकाने लेख मागितला होता, त्यांना नाही म्हणून कळवलं. डायरी बंद केली. भाचीच्या मुलीला पत्र लिहायला बसले आणि दोन ओळी झाल्यावर वाचून पाहिलं, लांब तर होत नाहीत ना. सत्तावन्न वर्षांची बाई, आयुष्यभर मुलांना निबंध शिकवलेली, पोरीच्या पत्रातली वाक्यं मोजत होती. हे तुम्ही केलंत, नूरभाई. दुसऱ्या कुणी मला सैल म्हटलं असतं तर मी त्याला उंबऱ्यावरून परत पाठवलं असतं.

बाराव्या भागापर्यंत असंच चाललं. तेराव्याला, म्हणजे शेवटच्या भागाला, माझं डोकं फिरलं. म्हटलं, झालं तेवढं पुरे, हा भाग मी माझ्या पद्धतीने लिहिणार. दादाराव शेवटचं बोलतो. तो अंजनगाव ते अकोला रस्त्यावर आयुष्यभरात कोण कोण चढलं आणि कोण कुठे उतरलं ते सांगत जातो. मडकं मांडीवर घेऊन बसलेली बाई, परीक्षेला निघालेली पोरगी, तिकीट हरवलेला म्हातारा, बसमध्येच रुसलेलं नवं जोडपं. अकरा ओळी, एकच वाक्य, मध्ये कुठे पूर्णविराम नाही. लिहून झाल्यावर वर्षभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

गुरुवारी दुपारी फोनवर तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. मग म्हणालात, “लय लांब हाय. लोकं झोपतीन.”

“पंचवीस वर्षं नाई झोपले,” मी म्हटलं.

“तवा तुमी लिहीत होत्या.”

“आता काय करून राहिली मी?”

मी सेकंद मोजत होते, सवयच ती. मग तुम्ही खोकलात. तीन नंबर, अगदी खालून आलेला, थांबायला वेळ घेणारा.

आणि मी म्हटलं, “तीन नंबर नका ऐकवू मले, भाई. तो मीच लिवला हाय.”

फोन ठेवला. रविवारी सकाळी प्रकाशचा फोन आला.

मी अकोल्याला पोहोचले तोवर जनाजा निघत होता. पुरुष कब्रस्तानाकडे गेले. आम्ही बायका भाभींजवळ बसलो, त्याच मागच्या खोलीत, कारण पुढे जागा नव्हती. माझी नेहमीची जागा डाव्या कोपऱ्यात. तिथे रजईने झाकलेलं काहीतरी असायचं, गुडघ्याएवढं, त्या वर्षात आले की मी त्याला टेकून बसायचे. मला वाटायचं, न विकलेल्या उश्या असतील. त्यावर मी चहाचा कप ठेवायचे. त्या दिवशी एक माणूस आला आणि रजई काढून ती वस्तू उचलून नेऊ लागला. ऑक्सिजनचं यंत्र होतं. भाड्याने आणलेलं, परत करायचं होतं.

मी भाभींकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली.

संध्याकाळी प्रकाशला धरलं. तो म्हणाला, “बाई, तुमाले खरंच माईत नव्हतं?” म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. फुफ्फुसं गेली होती. डॉक्टरांनी कापसाच्या धुळीपासून लांब राहायला सांगितलं होतं आणि तुम्ही कापसाच्या खोलीतच बसून राहिलात. मी यायच्या दिवशी यंत्र बंद करून झाकून ठेवायचं, मी गेले की पुन्हा लावायचं. शेवटचे भाग माझ्यासमोर रेकॉर्ड झालेच नाहीत. बाईंना बस लागते, कशाला दर वेळी अमरावतीहून यायला लावायचं, असं मला सांगण्यात आलं. मीही मूर्ख, काळजी करतात म्हणून खूश झाले होते. तुम्ही तीन शब्द बोलायचात, नाकाला नळी लावायचात, पुन्हा तीन शब्द बोलायचात. प्रकाश ते तुकडे जोडायचा. बारावा भाग त्याने सहा दिवस बसून जोडला होता. मी तो रेडिओवर ऐकला आणि तुम्हाला मेसेज केला, ‘वाक्यं तुटक वाटतात.’ तुम्ही अंगठा पाठवलात.

प्रकाशला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने ऐकून घेतलं. त्याचाही काय दोष, शपथ तुम्ही घातली होती. भाभींना मात्र सोडलं नाही. शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि समोर बसून विचारलं, “भाभी, काहून? मले सांगाले काय झालं होतं? मी परकी होती?”

त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, “मी दहा वेळा म्हनलं त्यायले, बाईले सांगून द्या. ते म्हने, शमीम, बाईले समजलं त त्या माह्यासाठी लिवतीन. मले दादारावासाठी लिवलेलं पायजे.”

“मंग कापाले काहून सांगत होते?”

“दम पुरत नव्हता, बाई. काय करतीन?”

“मंग लिहिनं सैल झालं असं काहून म्हने? दम पुरत नाई म्हनाव!”

भाभी रडल्या. मी त्यांना रडवायला नको होतं. चाळीस वर्षांचा संसार करून नवरा गेलेली बाई, आणि मी तिच्यापुढे वकिली करत होते. पण मला थांबता येत नव्हतं, आणि आताही येत नाही. तुम्हाला दोन्ही हवं होतं, नूरभाई. मी दया न करता लिहावं हेही हवं होतं, आणि तुम्हाला झेपेल एवढंच लिहावं हेही हवं होतं. दोन्ही जमायला एकच वाट होती, फुफ्फुसाचा दोष लेखणीवर ढकलायचा. तुम्ही तो ढकललात, तोही इतका सफाईने की मला वर्षभर शंका आली नाही. उत्तम नट होता तुम्ही. माझ्यावर ही कला वापरायची गरज नव्हती.

आणि एक कबूल करते, रागात आहे म्हणून खोटं बोलणार नाही. मला कळलं असतं तर मी खरंच तुमच्यासाठी लिहिलं असतं. दादारावाला आजारी पाडलं असतं, पलंगावर झोपवलं असतं, बायकोच्या तोंडी सगळी वाक्यं देऊन त्याला नुसतं ‘हूं’ म्हणायला लावलं असतं. तुम्ही मला ओळखून होता. पण म्हणून मला सांगायचं नाही, हे ठरवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? मी वाईट लिहिलं असतं, बरं. तुमच्या उशाशी बसून वाईट लिहिलं असतं. तुमचं औषध आणलं असतं, त्या यंत्रावर कप ठेवला नसता, आणि त्या गुरुवारी फोन ठेवला नसता.

काल तेरावा भाग रेकॉर्ड केला. रेडिओवाले म्हणत होते, बारा भागांवर संपवू. मी नाही म्हटलं. मी भाग बदलून लिहिला. दादाराव घरात नाही आणि त्याची बायको गंगू चुलीपुढे बसून त्याच्या नावाने बडबडते आहे, तो रोज काय काय सांगायचा ते चिडून चिडून सांगते आहे. अकरा ओळींचं वाक्य तिच्या तोंडी दिलं. एक शब्द कमी केला नाही. गंगू करणारी आपली नेहमीची बाई नागपूरला लेकीकडे गेली आहे, म्हणून माईकपुढे मी उभी राहिले. जन्मात पहिल्यांदा. भाभी शिलाई मशीनवर बसल्या होत्या, नवरा गेल्यावर घराबाहेर न पडायच्या इद्दतीत आहेत तरी बसल्या. घरातल्या घरात आहे, म्हणाल्या.

वाक्य चौथ्या ओळीला तुटलं. प्रकाश म्हणाला, “बाई, तुकडे करून घेऊ, मी जोडतो.” मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा बोलला नाही. दुसऱ्यांदा सातव्या ओळीला तुटलं. छातीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी पंचवीस वर्षं तुमच्याकडून काय मागत होते. तिसऱ्या वेळेला पोहोचले. शेवटचे शब्द जेमतेम निघाले, गंगूचा आवाज जाऊन माझाच उरला. भाभींनी मशीन थांबवलं आणि म्हणाल्या, “लांब त हायच, बाई.” मला हसू आलं. रडूही आलं. “हाय, भाभी,” मी म्हटलं, “पन कापत नाई.”

त्या चहा करायला आत गेल्या. प्रकाश लॅपटॉप आवरत होता. आवरता आवरता म्हणाला, “बाई, रागवू नका. एक दाखवतो.” तुमची सगळी जुनी रेकॉर्डिंग घालून त्याने कॉम्प्युटरवर तुमचा आवाज तयार केला आहे. आपण टाइप करायचं, तो आवाज बोलतो. दादारावाची वाक्यं त्याच्याकडून बोलून घेऊ असं त्याच्या मनात होतं, पण माझा अवतार पाहून त्याने विचारलं नव्हतं. त्याने नमुना म्हणून एक ओळ लावली. “चला, पुढं सरका, मागं जागा हाय,” दादारावाची पहिल्या भागातली. नूरभाई, तुम्हीच होता. ‘हाय’वर आवाज किंचित चढतो तोसुद्धा होता. फक्त कुठे दम घेतल्याचा आवाज नव्हता.

प्रकाशने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. “तुमाले जे ऐकाचं असन ते टाका,” म्हणाला आणि बाहेर गेला. भला माणूस आहे, मुद्दाम गेला.

मी टाइप केलं. फार नव्हतं. ‘बाई, लिहिणं सैल नव्हतं. वाक्य चांगलं होतं.’ एवढंच. वर्षभर मला एवढंच ऐकायचं होतं. भाभी सांगतात की तुम्ही माझी पानं उशीखाली ठेवायचात. प्रकाश सांगतो की तेरावा भाग ऐकवून मी फोन ठेवल्यावर तुम्ही त्याला म्हणालात, काय लिवलं हाय बाईनं. मला त्यांचं खरं वाटतं. पण ते त्यांच्या आवाजात आहे. आणि इथे तुमचा आवाज समोर होता, एक बटण दाबायचं होतं, आणि तुम्ही म्हणणार होता.

बोट बटणावर ठेवलं. आतून कपबश्यांचा आवाज येत होता. मग मी ते वाक्य शेवटच्या अक्षरापासून एकेक करत खोडलं आणि लॅपटॉप बंद केला.

ते तुम्ही म्हणायला हवं होतं, नूरभाई. गुरुवारी, फोनवर, खोकला थांबल्यावर. मी फोन ठेवला, ती माझी चूक. पण त्याआधी एक अख्खं वर्ष होतं, आणि ते म्हणायला तीन शब्दांपेक्षा जास्त दम लागत नव्हता.